पेचकसाला टिळा

पैज लागली ती खंडेनवमीच्या सकाळी, नागनाथच्या पेंडीच्या दुकानासमोर, आणि लागली ती भलत्याच माणसाबरोबर. भुजंग दुकानाच्या फळीवर तंबाखू मळत बसला होता. परभणीच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायची नोकरी, पन्नाशी जवळ आलेली, आणि तरी गल्लीत कुणाच्या बकरीच्या गळ्यात शाळेची घंटा निघाली, किंवा कुणाच्या दारावर ‘येथे म्हशीचे दात काढून मिळतील’ अशी पाटी लागली, की लोक तपास न करता थेट ह्याच्या दाराशी यायचे. समोर राधाकिशनच्या घरी बाहेरच्या खोलीत दोन गाद्या उसवायचं काम चाललं होतं. गाद्यांच्या कापसात कॉम्प्युटर होता. अख्खा नव्हता, सुट्टा, तुकड्यातुकड्यांचा, हैदराबादहून रेल्वेनं आणलेला. राधाकिशनची विधवा बहीण कोकिळा वर्षभर तिकडं मावशीच्या घरी राहून हे शिकली होती, आणि एकेक तुकडा पारखून तिनं स्वतः गाद्यांत शिवून आणला होता.

“कापसात आढी घातलीय का काय?” नागनाथ म्हणला. “पिकल्यावर चालू व्हतंय व्हय रे?”

“ह्येच्यात ना जीव हाय ना डिझेल,” भुजंग म्हणला. “हे चालू झालं तर मी पोळ्याचा बैल व्हतो. शिंगं, झूल, घागरमाळ, समदं. गल्लीतून मारुतीला फेरा मारतो. दसऱ्याला, सोनं लुटायच्या टायमाला.”

तो बोलला नागनाथला, पण उत्तर आलं खोलीतून. “लागली पैज, मामा.” कोकिळा उंबऱ्यात आली होती, पदराला कापूस चिकटलेला. “उद्या दसऱ्याला चालू करते.”

“अन् न्हाई झालं तर?”

“तर पालमची गाडी मी पुकारते, तुमच्या माइकवरनं. माझी मीच पुकारते अन् तिच्यातच बसून जाते.”

सगळे हसले. भुजंगही हसला, पण जरा उशिरा, म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर येणाऱ्या माणसासारखा. नागनाथला कायद्याची हौस. त्यानं तिथंच बसल्या बसल्या कलम घातलं: बैल झाला तर त्याची पूजा जिंकणारानं करायची, टिळा लावून, पोळी चारून, अर्धवट बैल चालणार नाही. भुजंग म्हणला, मंजूर. त्याला कुठल्याही पैजेत मंजूर म्हणायला आवडायचं. तो शब्द त्याला माइकवर कधी म्हणायला मिळत नसे.

पालम तिचं सासर. चार वर्षांमागं नवरा ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा राधाकिशन जाऊन तिला घेऊन आला होता. आता सासऱ्याचा निरोप होता की दसऱ्याला येतो, घर बाईवाचून पडलंय, सुनेला घेऊन जातो. राधाकिशननं मधला मार्ग काढला. माणूस वाईट नाही, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचा मधला मार्ग दिसायचा. दसऱ्याला मशीन चालू झालं तर बाहेरची खोली कोकिळाची, तिनं क्लास काढावा, सासऱ्याला तो स्वतः सांगेल. नाही झालं तर खोलीत नागनाथच्या सरकीपेंडीची पोती, आणि कोकिळा पालमला. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. पैज लावताना भुजंगलाही माहीत होतं. त्याचं असं होतं की माहीत असलेली गोष्ट जिभेवर आली की ती आधी गंमत होऊन यायची आणि मग, लोक घरी गेल्यावर, खरी व्हायची.

त्याच दुपारी पूजेचा प्रश्न आला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची. राधाकिशननं सकाळीच विळे, कुदळ, ट्रॅक्टर, तराजू पुजून घेतले होते आणि ह्या तुकड्यांकडं बघून म्हणला होता, तसल्या डब्याची कसली पूजा. कोकिळानं पाट मांडला, पाटावर सगळं ओळीनं ठेवलं आणि स्वतः मागं सरकून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हळदीकुंकवाचं ताट पाटापाशी तसंच. तिनं ते उचललं नाही, आणि कुणी तिला उचल म्हणलंही नाही. भावजय पार्वतीबाई चुलीपाशी पुरण शिजवायला गेली ती गेलीच. भुजंगला ते ताट बघवेना. बघवेना म्हणजे काही दया वगैरे नव्हे. स्टँडवर मोकळी खुर्ची दिसली की त्याला बसावंसं वाटायचं, त्यातलाच प्रकार. “आण इकडं,” म्हणत तो मांडी घालून बसला, डोक्यावर रुमाल टाकला, भटजीच्या नाकातल्या आवाजात काहीतरी पुटपुटला. गल्लीतली दोन-चार माणसं खिदळली. मग त्यानं बोट ओलं केलं.

हत्याराला टिळा लावायचा तो तोंडाला, हे त्याला लहानपणापासून माहीत. विळ्याच्या धारेला, कुदळीच्या टोकाला, सुईच्या अणीला. हत्यार जिथून काम करतं तिथं. मोठ्या हिरव्या पत्र्याचं तोंड कुठं, त्याला कळलं नाही. त्याच्या मधोमध एक बोट लावलं. पेटीला लावलं, पंख्याला लावलं, टाइपाच्या बटणांच्या फळीला दोन बोटं. बाजूला स्क्रू पिळायचा पेचकस पडला होता, त्याची लाकडी मूठ झिजलेली, त्यालाही लावलं. एकालाही उपाशी ठेवलं नाही. शेवटी बोटाएवढ्या लांब चार हिरव्या पट्ट्या उरल्या. त्यांच्या खालच्या कडेला सोनेरी दात होते, एका ओळीत, बारीक, हसणाऱ्या पोरीसारखे.

“हे काय वं?” त्यानं उंबऱ्याकडं न बघता विचारलं.

“मेमरी, मामा. मशीनची आठवण असती ती.”

“आठवणीला बी दात असतात व्हय,” तो म्हणला, आणि त्याला एकदम आनंद झाला, कारण इतक्या तुकड्यांत तोंड म्हणावं असं हेच एक दिसलं होतं. त्यानं बोट पुन्हा ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि त्या दातांवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. एकेका पट्टीवरून. नारळ फोडला, पाणी मात्र लांब शिंपडलं. एवढी अक्कल त्याला होती.

दसऱ्याच्या सकाळी दारांना तोरणं लागायच्या आत कोकिळानं सगळं जोडलं. भुजंग ड्यूटीवर निघता निघता थांबला. पाठीमागं नागनाथ, राधाकिशन, पदराला हात पुसत पार्वतीबाई, आणखी गल्ली. कोकिळानं स्टॅबिलायझरचा काटा बघितला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. आणि आतून आवाज आला, बारीक, टूं; जरा थांबून पुन्हा टूं; गाडी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो तसा, येऊ द्या, येऊ द्या, पण मागं येणारं काहीच नव्हतं. पडदा काळाच राहिला. त्या काळ्या काचेत भुजंगला गल्ली दिसली. गल्ली मशीनकडं बघत नव्हती. सगळी तोंडं वळून त्याच्याकडं लागली होती.

“काय केलंस भुज्या?” नागनाथ हसत म्हणला.

“आईची आण. म्या पूजा सोडून बोट बी लावलं न्हाई.”

त्यावर जास्तच हसू झालं. कारण म्हशीच्या पाटीच्या वेळेला, बकरीच्या घंटेच्या वेळेला, आणि एका वर्षी नागनाथला मिशीवर करपट्टी बसणार आहे, मोजणीवाला येतोय, मिशी घडी करून ठेव असं सांगितलं होतं त्या वेळेलाही त्यानं हीच आण घेतली होती, ह्याच आवाजात. फक्त कोकिळा हसली नाही. तिनं बटण बंद केलं, आवाज थांबला, आणि ती वळून त्याच्याकडं बघत राहिली. विचारलं काही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याला उत्तर येत होतं.

स्टँडकडं चालत जाताना तो चेहरा शोधत होता. खोटं नाही, खरंच शोधत होता, खिशात किल्ली शोधावी तसा. मी काही केलेलं नाही असा एक चेहरा माणसाकडं असतो. त्याच्याकडंही होता, चांगला होता, भुवया जरा वर, खालचा ओठ सैल, डोळे समोरच्याच्या बंडीच्या दुसऱ्या गुंडीवर. पण तो त्यानं इतक्या वेळा वापरला होता की आता खरोखर काही केलेलं नसताना तो घालायला गेला तर तो मश्करीचाच झाला होता. दुसरा नव्हता. एवढ्या आयुष्यात एक निरपराध चेहरा बाजूला काढून ठेवावा, हे कधी सुचलंच नाही. शाळेत मास्तरच्या खुर्चीला डिंक लागला तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी असाच वळून त्याच्याकडं बघितलं होतं. तेव्हा त्यानं लावला होता, आणि सगळ्यांची नजर एकदम अंगावर आली तेव्हा उन्हात बसल्यासारखं वाटलं होतं, गरम आणि बरं. आज नजर तीच, फक्त अंगावर काटा आला होता. येलदरीच्या गाडीला त्यानं एकदा पुकारलं होतं, ‘ही गाडी आज धरणातून जाईल, पोहता येणाऱ्यांनी पुढं बसावं,’ आणि एक म्हातारी खरंच उतरून मागच्या गाडीची वाट बघत बसली होती. तिला त्यानं नंतर चहा पाजला. चहा पाजला की झालं, असा त्याचा हिशोब. कोकिळाला काय पाजणार? ती हैदराबादहून आली त्या दिवशी तिनं विचारलं होतं, मामा, स्टँडवर कॉम्प्युटर आला तर तुमी काय करणार? तो म्हणला होता, त्यालाच तंबाखू मळून देणार. ती खूप हसली होती. पालमहून आणल्यावर ती अशी हसायला चार वर्षं लागली होती, हे त्याच्या त्या वेळी लक्षात आलं नव्हतं. आता, रिकाम्या रस्त्यावर, झेंडूच्या ढिगांमधून चालताना आलं, आणि नको तिथं आलं.

स्टँडवर गाड्यांना माळा होत्या. समोरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नावाचं भांडण नेहमीसारखं होतं: कुणी रंगानं लिहिलेलं, कुणी डांबरानं पुसलेलं, डांबरावर पुन्हा रंग. किती वर्षं तो ह्या भिंतीसमोर बसून गाड्या पुकारतोय. मध्ये मध्ये गाड्या जळाल्या, फुटल्या, तेव्हा ‘आज कोणतीही गाडी कुठेही जाणार नाही’ असंही पुकारलंय, आणि लोकांना वाटलं होतं भुजंग मश्करी करायलाय. ते बसून राहिले होते पिशव्या घेऊन. भिंतीवर आता जाड थर चढला होता. खाली मूळ चुना कसा होता हे कुणाला सांगता आलं नसतं.

त्यानं माइक ओढला, बटण दाबलं आणि म्हणला, “प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं.” कुणी दिलं नाही. आवाज बाहेर गेलाच नव्हता. त्यानं माइकला टिचकी मारली, फुंकर घातली. काही नाही. बाहेर पंधरा माणसं त्याच्या हलणाऱ्या तोंडाकडं काचेतून बघत होती आणि एकजण हसत होता. त्याला वाटलं असणार की आज भुजंग नुसतं तोंड हलवून दाखवतोय.

“लिंबाजी,” त्यानं डेपोच्या शिपायाला हाक मारली. “माइकला काय केलंस?”

“म्या काय करतो साहेब,” लिंबाजी दारात येऊन म्हणला. “काल पूजा केली नुसती. इंजनापास्नं घंटीपर्यंत समद्याची केली. तुमच्या माइकची तर लय मन लावून केली.”

भुजंगनं पुकारायच्या मशीनच्या मागून माइकची पिन उपसली. पिन लाल होती. कुंकू वाळून तिच्यावर पापुद्रा धरलेला, टोकाला जास्त. लिंबाजीनं तोंडालाच लावलं होतं, आणि बरोबरच लावलं होतं. भुजंगनं सदऱ्याचा खालचा शेव धरला, त्यात पिन घातली आणि पिळली. पांढऱ्या कापडावर लाल रेघ उमटली.

ती रेघ बघून तो बसून राहिला. चार वर्षांमागचं पालमचं ते घर. ओसरीत गर्दी, आणि एक म्हातारी, सासूच असावी, ओलं फडकं घेऊन कोकिळाच्या कपाळावर घासत होती. तो राधाकिशनबरोबर गेला होता. दारातल्या लिंबाला टेकून उभा होता, आणि त्याला दुसरीकडं बघता आलं असतं, पण त्यानं बघितलं नाही. कपाळ केव्हाच पुसून झालं होतं. म्हातारी तरी घासतच होती, कारण हात थांबवला तर पुढं काय करायचं हे तिला माहीत नसावं. फडक्यावर असाच लाल डाग होता, कडेला फिकट होत गेलेला, सुतासुतात शिरलेला. कोकिळा रडत नव्हती. ती त्या फडक्याकडं बघत होती. नंतर बायका तिला आत घेऊन गेल्या आणि फडकं ओसरीतच पडून राहिलं, आणि येणाजाणारा त्याला वळसा घालून जात राहिला. घरी आल्यावर भुजंगनं गल्लीत त्या म्हातारीच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली होती का? दाखवली असेल. आठवत नाही. आठवणीला दात असतात, हे तो काल बोलला होता, बोलायचं म्हणून.

मग त्याला दात आठवले. सोनेरी, एका ओळीत, त्याच्या बोटाखाली जरा खरखरीत. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं पिन परत खोचली, बटण दाबलं, आणि स्वतःचाच मोठा श्वास त्याला पूर्ण स्टँडभर ऐकू आला. बाहेरच्या माणसांनी वर बघितलं. म्हणजे त्यानंच केलं होतं. सकाळी आण घेतली ती खोटी निघाली होती, आणि घेताना ती खरी होती. ह्याला काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. मश्करी करताना माणूस आधी करतो आणि मग नाही म्हणतो. हे उलटं झालं होतं, आधी नाही म्हणून झालं होतं. “गंगाखेड मार्गे पालमहून आलेली गाडी,” तो म्हणला, कारण ती आत शिरत होती, “फलाटावर येत आहे.” त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. आवाजाला काही कळत नाही.

गाडीतून कोकिळाचा सासरा सटवाजी उतरला. भुजंगनं त्याला ओळखलं. धोतर, हातात पिशवी, पिशवीतून आपट्याची डहाळी बाहेर आलेली. म्हातारा उन्हात उभा राहून कुठल्या बाजूनं जायचं ते बघत होता. भुजंगनं लिंबाजीला खुर्चीवर बसवलं आणि खाली जाऊन त्याची पिशवी घेतली. दोघं चालायला लागले.

“सुनेला न्यायला आलो पाव्हणं,” सटवाजी म्हणला. “तुमाला वाटंल म्हातारा स्वार्थी हाय.”

“कुठं काय म्हणलं म्या.”

“तिच्या सासूला दिसंना आता. परवा मिठाच्या जागी चुना टाकला भाजीत. दोघं बी खाल्लो. बोललो न्हाई.” जरा पुढं गेल्यावर तो म्हणला, “पोरीला तिथं सुख न्हाई हे मला ठाऊक हाय. पर इथं तरी काय हाय? भावाच्या घरी किती दिस? ते मशीन का काय म्हणतेत ते चाललं तर मी काय बी बोलत न्हाई. गुमान जातो. न चाललं तर मग बसून काय करायचं, तुमीच सांगा.”

भुजंगनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. म्हातारा खलनायक असता तर सोपं गेलं असतं; त्याच्या धोतराच्या सोग्यात फुगा लपवून फोडता आला असता. मिठाच्या जागी चुना खाऊन न बोललेल्या माणसाचं काय करायचं? वाटेत शाळेच्या वह्यापेन्सिलींच्या दुकानाची अर्धी फळी उघडी होती. भुजंग थांबला आणि एक खोडरबर घेतला. का घेतला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पुसायला सदऱ्याचा शेव होताच. पण शेवावर ती रेघ होती.

गल्लीत पोचले तेव्हा नागनाथची पोती राधाकिशनच्या ओट्यावर येऊन लागली होती, खोलीच्या दाराला चिकटून. आत कोकिळा उघड्या मशीनपुढं बसलेली. तिनं स्टॅबिलायझर बदलला होता, वायरी काढून लावल्या होत्या, पडदा नागनाथच्या घरच्या लाइटवर लावून बघितला होता. हिरव्या पट्ट्या पुन्हा पुन्हा काढून पुन्हा घातल्या होत्या. आताही चारी तिच्या समोर पाटावर होत्या, दात वर करून, लाल. तिचा हात त्यांच्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. सासऱ्याला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तशीच बसून राहिली.

“मी म्हणलंच व्हतं,” पार्वतीबाई दारातून म्हणली. “देवीलाच मंजूर न्हाई. हिच्या हातानं नवं काही उभं राहायचं नसंल तर आपण तरी काय करावं?”

“मेमरीच्या दातावरचं कुंकू पुस,” भुजंग म्हणला. “त्याच्यानं अडलंय.”

“पूजेचं कुंकू पुसायचं?” पार्वतीबाईचा हात कपाळाला गेला. “दसऱ्याच्या दिवशी? अन् हिनं? भावजी, डोकं ठिकाणावर हाय का? आधीच ह्या घरात एकदा…” सटवाजीनं मान खाली घातली. कोकिळाचा हात परत आला, आणि मांडीवर एका बाजूला पडून राहिला.

भुजंगनं तो हात बघितला. आपल्याला जे खरं सांगायचं आहे ते सांगून उपयोग नाही हे त्याला दिसलं, म्हणजे अगदी समोर फलाटावर गाडी दिसावी तसं दिसलं. चुकून झालं म्हणलं तर ते कुंकू पूजेचं राहतं, आणि पूजेचं कुंकू त्या पोरीला पुसता येणार नाही. त्यानं स्वतः पुसलं तर मशीन चालू होईल, पण देवीनं नाही म्हणलं होतं हे गल्लीत कायमचं राहील, आणि राधाकिशनला त्यातूनही एखादा मधला मार्ग दिसेल. त्यानं तंबाखूची चंची काढली, पुन्हा ठेवली. मग तो हसायला लागला. आधी नुसता आवाज होता, मग तो हसण्यासारखा झाला.

“कसली पूजा वैनी,” तो म्हणला. “मश्करी केली म्या. मुद्दाम लावलं दातावर. हैदराबादच्या एका डायव्हरनं सांगितलं व्हतं मला, ह्येच्या दाताला काही लागलं की ह्ये मुकं व्हतंय. म्हणलं बघावं. पैज जिंकायची व्हती. ते काय कुंकू हाय? पूजेत मंतर तरी धड म्हणला का म्या? रेघोट्या समजा अन् खोडून टाका.”

मग राधाकिशन त्याच्या अंगावर धावला. नागनाथनं मध्ये हात घातला, पण नागनाथही हसत नव्हता.

“बहिणीची जिंदगी हाय माझ्या,” राधाकिशन म्हणला. “तुला गंमत सुचायलीय? त्वा सकाळी आईची आण घेतलीस.”

“ती काय, रोजच घेतो,” भुजंग म्हणला.

सटवाजी त्याच्याकडं बघत होता. वाटेत आपली पिशवी धरणारा माणूस हाच का, हे म्हातारा नजरेनं तपासत होता. भुजंगनं चेहरा शोधला, आणि ह्या वेळेला तो लगेच सापडला: मान जरा वाकडी, डोळे बारीक, पकडलं बुवा एकदाचं असा. हा त्याच्याकडं कायम तयार होता, कोपरेही झिजलेले नव्हते. फक्त कोकिळासमोर तो धरून ठेवायला जड गेला. ती त्याच्याकडं बघत होती, सकाळसारखीच, नुसती. मग तिची नजर पाटावरून फिरली, पंख्यावरून, बटणांच्या फळीवरून, पेचकसावरून, आणि पुन्हा त्याच्यावर आली. त्यानं खिशातून खोडरबर काढून तिच्यापुढं ठेवला.

“मश्करीचंच हाय मग,” पार्वतीबाई म्हणली, जरा सुटल्यासारखी. “पुस बाई, पुस. ह्या मेल्याचे हात कसे झडले न्हाईत.”

कोकिळानं पहिली पट्टी उचलली. खोडरबर दातांवरून फिरवायला लागली, सावकाश, आणि लाल लाल चुरा तिच्या मांडीवर पडत राहिला. ती फुंकर मारत नव्हती. चारी पट्ट्या झाल्यावर तिनं त्या जागेवर दाबल्या, एकेक, टक, टक. बटण दाबलं. पंखा फिरला. आवाज एकदाच आला, टूं, छोटा, हाकेला ओ दिल्यासारखा, आणि काळ्या पडद्यावर हिरवे आकडे पळायला लागले. पळून पळून थांबले. काळ्या काचेत आता गल्ली दिसत नव्हती; तिच्यावर अक्षरं आली होती. ओट्यावर कुणीतरी पोतं उचलल्याचा आवाज आला. नागनाथ होता तो. न सांगता उचलत होता.

“चाललं म्हणायचं का?” सटवाजीनं विचारलं.

“चाललं,” राधाकिशन म्हणला. मधलं काही नव्हतं म्हणून एवढंच म्हणला.

सोनं लुटायच्या वेळेला गल्ली भरली. लोक मारुतीकडं निघाले होते, हातात आपट्याची पानं, अंगात नवे सदरे, आणि त्यांच्या मधोमध भुजंग उभा होता. कॉम्प्युटरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची शिंगं, त्यांना बेगड, राधाकिशनच्या सर्ज्या बैलाची झूल पाठीवर, ती घामानं जड आणि बैलाच्याच वासाची, गळ्यात घागरमाळ, कपाळाला बाशिंग. नागनाथनं कासरा धरला होता. एरवी अशा वेळी लोकांनी भुजंगला डोक्यावर घेतलं असतं. आजही हसत होते, पण हसण्यात एक कच होती, भाकरीत वाळू लागावी तशी. एका म्हाताऱ्यानं जाता जाता ‘विधवेच्या पोटावर पाय देतोस व्हय रे बैला’ म्हणून त्याच्या पाठीत जरा जोरातच थाप मारली. झुलीमुळं लागली नाही. भुजंग स्वतःकडं काचेतून बघावं तसा बघत होता. एक माणूस बैल झालाय. त्यानं मुद्दाम न केलेली गोष्ट मुद्दाम केली म्हणून सांगितली आहे, आणि केली तर त्यानंच होती. ह्याच्यात गंमत होती. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ती तशीच आत राहिली, न मळलेल्या तंबाखूसारखी.

“पूजा,” नागनाथ मारुतीच्या पारापाशी थांबून म्हणला. “कलमात हाय. जिंकणारानं करायची.”

पार्वतीबाईनं ताट पुढं केलं, कारण ताट सवाष्णीनं धरायचं हे हातालाच माहीत असतं. पण नागनाथ म्हणला, “न्हाई वैनी, ठरलंय ते ठरलंय, पैज कोकिळानं जिंकलीय,” आणि गल्लीला बैल पुरा बघायचा होता, म्हणून गल्लीही म्हणली, ठरलंय ते ठरलंय. कोणी पुढचा विचार केला नव्हता. कोकिळानं ताट घेतलं. पाराजवळ सटवाजी परतीच्या गाडीला निघायच्या आधी थांबला होता, हातात पिशवी. त्याच्याकडं तिनं एकदा बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली नाही, वळवलीही नाही.

तिनं भुजंगच्या पायांवर पाणी घातलं. मग बोट ओलं केलं आणि कुंकवात बुडवलं. चार वर्षांत तिचं बोट त्या करंड्यात गेलं नव्हतं. गर्दीतल्या बायकांना ते बोट लाल झाल्यावर कळलं, आणि त्या गप्प झाल्या, मग पुरुष गप्प झाले, आणि घागरमाळेतलं एक घुंगरू उगीच वाजलं ते सगळ्यांना ऐकू आलं. तिनं बाशिंग वर सारलं. टिळा लावताना ती इतकी जवळ आली की बोलणं फक्त बैलालाच ऐकू गेलं.

“मुद्दाम करणारा माणूस पेचकसाला टिळा लावत न्हाई, मामा.”

त्यानं कपाळ जरा पुढं केलं.

“दातावरच्या कुंकवानं अडलंय हे मला सकाळीच दिसलं व्हतं,” ती म्हणली. “पुसायला हात जात व्हता अन् वळत व्हता.”

कुंकू गार होतं. नाकाच्या शेंड्याकडं एक थेंब ओघळला, आणि त्याचे हात झुलीखाली बांधलेले असल्यामुळं त्याला तो पुसता आला नाही. तिनं पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडाशी धरला. नागनाथनं कासरा ओढला, “हंबर रे भुज्या, हंबर, पैज हाय,” म्हणला. गल्ली हंबरायची वाट बघायला लागली. ज्याच्या आवाजावर ह्या गावात रोज गाड्या सुटतात तो माणूस तोंडात पोळी धरून उभा राहिला. मग त्यानं बैलासारखी मान नुसती खालीवर हलवली, आणि गळ्यातली सगळी घुंगरं एकदम वाजली.